शिट्टी का वाजली? हौशी आइस हॉकीचे नियम आणि आमचा रविवारचा डाव

मिनेसोटातल्या मराठी घरांत एक दृश्य आता इतकं सवयीचं झालं आहे की त्याचं कुणाला नवल वाटत नाही. शनिवारी सकाळी साडेसहाला, बाहेर पारा शून्याच्या खाली असताना, आई किंवा बाबा पेंगुळलेल्या मुलाला आणि त्याच्याहून मोठ्या पिशवीला गाडीत घालून रिंकवर नेतात. मग काचेपलीकडे उभं राहून थर्मासमधला चहा पीत तासभर खेळ बघतात. मध्येच शिट्टी वाजते. खेळ थांबतो. मुलं निमूटपणे कुठल्यातरी लाल वर्तुळाशी जाऊन उभी राहतात. शेजारचा अमेरिकन बाप हळहळतो, म्हणून आपणही हळहळतो. तो हसला की आपण हसतो. शिट्टी का वाजली हे विचारायची सोय नसते, कारण मुलगा तीन वर्षं खेळतो आहे आणि एवढं तर आपल्याला ठाऊक असायलाच हवं!

हा लेख अशा आई-बाबांसाठी आहे. आणि त्यांच्यातल्या ज्यांना काचेच्या अलीकडून पलीकडे जावंसं वाटतं, त्यांच्यासाठी तर आहेच. गेली अकरा वर्षं मी दर रविवारी रात्री विसेक माणसांचा एक हौशी खेळ जमवतो. आमच्यात सुतार आहेत, शिक्षिका आहेत, एक दंतवैद्य आहे (याचा उपयोग तुम्हांला वाटतो त्याहून कमी वेळा होतो), आणि माझ्यासारखे आम्ही तिघे-चौघे देशी आहोत. ‘आपली माणसं आणि बर्फ?’ असं म्हणणाऱ्यांना मी लडाखकडे बोट दाखवतो. तिथे गोठलेल्या तळ्यांवर ही हॉकी मन लावून खेळली जाते, आणि मुख्यतः तिथल्याच मुलींच्या जोरावर भारताच्या महिला संघाने 2025 साली आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं.

माझी डॉक्टरेट यांत्रिक अभियांत्रिकीतली, पोट मात्र सॉफ्टवेअरवर भरतं. या धंद्यात जुना प्रोग्रॅम हातात आला की त्यात एखादी विचित्र ओळ दिसते. काढून टाकायचा मोह होतो. पण ती ओळ सहसा कुणाच्यातरी मोठ्या डोकेदुखीनंतर लिहिलेली असते, आणि ती काढली की ती डोकेदुखी परत येते. हॉकीचं नियमांचं पुस्तक मला असंच वाटतं. प्रत्येक नियमामागे कुणीतरी चलाख माणूस लपलेला आहे. तो माणूस सापडला की नियम पाठ करावा लागत नाही.

आधी मैदान बघू. अमेरिकेतली पूर्ण आकाराची रिंक 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद असते. भोवती लाकडी-प्लास्टिकचा कठडा आणि वर काच. गोल सहा फूट रुंद, चार फूट उंच. चेंडूऐवजी पक नावाची कडक रबराची चकती, तीन इंच व्यासाची आणि इंचभर जाड. तिचं वजन क्रिकेटच्या चेंडूएवढंच भरतं, हे एकदा ध्यानात आलं की शिरस्त्राण का घालतात हे वेगळं सांगावं लागत नाही. रबर उबदार असलं की उसळतं, म्हणून पक गोठवून आणतात. आमच्या घरी ते फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी असतात आणि कुल्फी शोधणाऱ्या पाहुण्यांच्या हाती लागतात. एका बाजूचे पाच जण आणि एक गोलकीपर, म्हणजे इथल्या भाषेत गोली. बदली खेळाडू कधीही, खेळ चालू असतानासुद्धा, कठड्यावरून उडी मारून आत येऊ शकतो. फक्त ज्याच्या जागी यायचं तो बाहेर पडलेला हवा.

बर्फावर आडव्या पाच रेषा रंगवलेल्या असतात. दोन्ही टोकांना गोलाच्या पातळ लाल रेषा, बरोबर मधोमध एक जाड लाल रेषा, आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक निळी. ज्या शिट्टीला आपण सर्वांत जास्त गोंधळतो, ती या निळ्या रेषेची असते.

ऑफसाइडचा नियम एका वाक्यात असा : प्रतिपक्षाच्या निळ्या रेषेपलीकडे आधी पक गेला पाहिजे, मग माणसं. लग्नातलं सीमांतपूजन आठवा. नवरदेव वेशीच्या आत आल्याशिवाय वऱ्हाडाने पुढे जाऊन पंगतीला बसायचं नाही! पक हा नवरदेव. माणूस आत गेला हे ठरवायचं दोन्ही पायांवरून. एक स्केट जरी रेषेवर टेकलेला असला तरी तो अजून वेशीवरच आहे. (हवेत उचललेला पाय धरायचा की नाही यावरून व्हिडिओ बघून बघून इतके वाद झाले, की 2020 साली एनएचएलने, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगने, तो धरायचा असं ठरवून टाकलं.) आणि समजा वऱ्हाड आत असतानाच पक आत आला, तर बऱ्याच स्पर्धांत लगेच शिट्टी वाजत नाही. पंच हात वर करून ठेवतो. आत असलेल्या सगळ्यांनी बाहेर येऊन निळी रेषा शिवायची, मग पुन्हा आत जायची मोकळीक. ‘शिवून ये’ हा शब्द आपल्या अंगणातल्या खेळांतला, आणि नियमही तोच. त्या अर्ध्या मिनिटात पालक ‘टॅग अप!’ म्हणून का ओरडतात, ते आता कळलं असेल.

आता यातला चलाख माणूस. 3 मार्च 1875 रोजी माँट्रियलच्या व्हिक्टोरिया रिंकमध्ये बंदिस्त जागेतला पहिला संघटित सामना झाला, तेव्हा पक पुढे देण्यालाच बंदी होती. रग्बीसारखा तो बाजूला किंवा मागे द्यायचा, नाहीतर स्वतः घेऊन पळायचं. हा कडकपणा पन्नासेक वर्षांत हळूहळू सैल झाला, तरी बचाव इतका वरचढ होता की 1928-29 च्या हंगामात जॉर्ज हेन्सवर्थ या गोलीने 44 पैकी 22 सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. तिकीट काढून शून्य-शून्य बघायला कोण येणार? म्हणून पुढच्या हंगामात एनएचएलने मैदानाच्या तिन्ही भागांत पुढे पास देण्याची परवानगी दिली. आणि खेळाडूंनी काय केलं? सरळ प्रतिपक्षाच्या गोलीशेजारी जाऊन उभे राहिले. पक येईल तेव्हा येईल, आला की आत ढकलायचा. आयत्या बिळावर नागोबा! सामन्यागणिक होणारे गोल जवळजवळ दुप्पट झाले. डिसेंबर 1929 मध्ये, चालू हंगामातच, लीगला नियम बदलावा लागला : पकच्या आधी कुणी निळी रेषा ओलांडायची नाही. आज आपल्या आठ वर्षांच्या मुलासाठी वाजणारी शिट्टी त्या नागोबांना उद्देशून आहे.

आपल्या ओळखीच्या, गवतावरच्या हॉकीत मात्र ऑफसाइड आता नाही. तिथे 1996 पासून प्रयोग म्हणून आणि 1998 पासून कायमचा तो नियम काढून टाकला. मग इथे का काढत नाहीत, असं मला देशी मंडळी विचारतात. माझं मत असं, की गवतावर गोल करायचा तर डी-मध्ये येऊनच मारावा लागतो, आणि तो डीच नागोबाला पुरेसा आवर घालतो. बर्फावर कुठूनही मारलेला गोल ग्राह्य आहे, कठड्यामुळे पक बाहेर जात नाही, आणि वेग तर विचारूच नका. इथे ऑफसाइड काढला की पुन्हा 1929 चा डिसेंबर.

दुसरी शिट्टी आयसिंगची. केकवरचं नव्हे. आपल्या अर्ध्या भागातून, म्हणजे मधल्या लाल रेषेच्या मागून, पक सरळ भिरकावला आणि कुणाचाही स्पर्श न होता तो पलीकडची गोलरेषा ओलांडून गेला, की आयसिंग. शिक्षा म्हणून पक पुन्हा भिरकावणाऱ्याच्याच गोलाशी आणून खेळ सुरू करतात. इथला चलाख माणूस सगळ्यांच्या ओळखीचा आहे : एका गोलाची आघाडी घेऊन वेळ काढणारा. गल्लीत अंधार पडत आला की फलंदाजी करणारी बाजू चेंडू मुद्दाम गटाराच्या दिशेने मारायची, तोच हा. एनएचएलने 1937 मध्ये त्याला बंदी घातली. तरीही दमलेले संघ दम खायला आयसिंग करत राहिले. शिट्टी वाजली की थकलेले पाच बाहेर, ताजे पाच आत. म्हणून 2005 पासून आयसिंग करणाऱ्या संघाला त्या वेळी खेळाडू बदलता येत नाहीत. दमलात ना? मग दमलेलेच उभे राहा.

या नियमाला एक दुखरा कोपराही आहे. पूर्वी व्यावसायिक खेळात बचाव करणाऱ्याने जाऊन पकला स्पर्श केल्यावरच आयसिंग धरायचे. म्हणून दोघे जण जिवाच्या आकांताने कठड्याच्या दिशेने शर्यत लावायचे. 2008 साली अशाच एका शर्यतीत आपल्या मिनेसोटा वाइल्डच्या कर्टिस फॉस्टरचं मांडीचं हाड मोडलं. एनएचएलने शर्यतीचा शेवट कठड्यापासून अलीकडे आणला तो 2013 मध्ये. मुलांच्या आणि हौशी खेळात ही शर्यत नाहीच. पक रेषेपार गेला की शिट्टी. जिथे पगार मिळत नाही तिथे मांडी मोडून घेण्यात अर्थ नाही, हे पुस्तकाने फार पूर्वी ओळखलं होतं.

शिक्षेच्या बाबतीत फार खोलात जात नाही. छोट्या गुन्ह्याला दोन मिनिटं, मोठ्याला पाच, आणि तेवढा वेळ संघाला एक माणूस कमी. (माणूस कमी असताना आयसिंग माफ असतं, पण लहान वयोगटांत यात फरक आहेत, तेव्हा मुलाच्या प्रशिक्षकाला विचारा.) ट्रिपिंग म्हणजे शब्दशः पायांत काठी घालणं. हा गुन्हा मंडळाच्या कार्यकारिणीत लागू केला तर सभेला कोरम उरणार नाही, पण ते असो. दोन मिनिटांच्या शिक्षेत प्रतिपक्षाने गोल केला की बसलेला माणूस लगेच सुटतो. तसं पूर्वी नव्हतं. नोव्हेंबर 1955 मध्ये माँट्रियलच्या ज्याँ बेलिव्हो याने बॉस्टनची माणसं शिक्षेत बसलेली असताना 44 सेकंदांत तीन गोल केले. पुढच्या हंगामापासून एक गोल झाला की सुटका. यात चलाखी कुणाचीच नव्हती. एक संघ फार चांगला होता, एवढंच.

अंगावर धडकण्याबद्दल मात्र पालकांनी नीट समजून घ्यावं. टीव्हीवर दिसते ती कठड्यावर आदळणारी धडक इथल्या मुलांना 2011 पासून तेरा-चौदा वर्षांच्या गटाच्या आधी निषिद्ध आहे, आणि मुलींच्या गटांत व बहुतेक प्रौढ हौशी लीगमध्येही. याचा अर्थ स्पर्शच होत नाही असा नाही. खांद्याला खांदा लावून पकपाशी जागा धरणं, आडवं उभं राहून वाट अडवणं, हे चालतं. फरक हेतूचा आहे. पक मिळवायला अंग लावलं तर खेळ. माणूस पाडायला लावलं तर गुन्हा.

हे झालं पुस्तकातलं. आता रविवारी रात्री साडेनऊला आमच्याबरोबर चला. तिथे पंच नाही, रेषेवर माणूस नाही, घड्याळही एका भिंतीवरचं, तेही चार मिनिटं पुढे. कॅनडात अशा खेळाला शिनी म्हणतात, इथे पिकअप. माणसं जमतात, दोन बाजू पडतात, खेळ होतो, आणि गोल किती झाले हे अकराव्या गोलानंतर कुणाला आठवत नाही. पुस्तक जसंच्या तसं इथे चालत नाही, कारण प्रत्येक ऑफसाइडला थांबायचं ठरवलं तर निम्मा वेळ वादात जाईल. तासाचं भाडं भरलं तरी मिळतात पन्नासच मिनिटं. उरलेली दहा बर्फ सारखं करणाऱ्या झांबोनी यंत्राची. (फ्रँक झांबोनीने हे यंत्र 1949 साली बनवलं, तेही कॅलिफोर्नियात! ते वर गरम पाणी पसरतं. त्याने वरचा थर जरासा वितळून नवं पाणी त्याच्याशी एकजीव होतं.) झांबोनीचं दार उघडलं की त्या क्षणी सगळ्यांनी बर्फावरून उतरायचं. या नियमाला अपील नाही.

मग कुठला नियम ठेवायचा आणि कुठला सोडायचा? मी एकच प्रश्न विचारतो : त्या नियमामागचा चलाख माणूस आमच्यात आहे का? आयसिंगवाला नाही. आघाडी टिकवून आम्हांला काहीच मिळत नाही, तेव्हा वेळ कोण काढणार? म्हणून आम्ही आयसिंगला थांबत नाही. पक पलीकडे गेला की तो त्या बाजूचा झाला, पुढे खेळा. नागोबा मात्र आहे. दर गटात एक असतोच, आणि बहुधा त्याचे गुडघे दुखत असतात. म्हणून ऑफसाइड आम्ही पाळतो, पण सैलपणे. वीतभर पुढे गेलेल्याला कुणी बोलत नाही. गोलीशी गप्पा मारत उभ्या राहिलेल्याला सगळे बोलतात. गोल झाल्यावर पुन्हा मधोमध जायचं नाही. गोल करणाऱ्यांनी लाल रेषेपर्यंत मागे हटायचं आणि समोरच्यांना पक घेऊन निघू द्यायचं. शिक्षेची पेटी तर नाहीच. कुणाची काठी कुणाच्या हातावर बसली, तर ज्याची काठी त्यानेच ‘माझी चूक’ म्हणून पक देऊन टाकायचा. लहानपणी ‘रडीचा डाव’ म्हणून चिडवायचो ना, त्या चिडवण्याची दहशत कुठल्याही पंचापेक्षा मोठी आहे आणि ती इथेही चालते.

खेळ टिकतो किंवा मोडतो तो मात्र नियमांवर नव्हे, बाजू कशा पाडल्या यावर. इथली जुनी रीत अशी : सगळ्यांनी आपापल्या काठ्या मधल्या वर्तुळात टाकायच्या, एकाने डोळे मिटून एक डावीकडे एक उजवीकडे फेकायची. दिसायला सुंदर, आणि कुणाला शेवटी निवडलं जाण्याचा अपमान नाही. पण अभियंत्याच्या दृष्टीने यात एक खोट आहे. वीस माणसांत पाच तरबेज असतील तर चार-एक अशी वाटणी सहज होते, आणि मग पन्नास मिनिटं एक बाजू नुसती पक आणायला धावते.

आपली भिडू पाडायची रीत आठवते? बरोबरीचे दोन गडी गळ्यात गळा घालून बाजूला जायचे, गुपचूप दोन नावं ठरवायचे, आणि येऊन कप्तानाला विचारायचे, कोण हवा? कप्तान नाव निवडायचा, माणूस नव्हे. अपमान नाही, आणि शिवाय जोड्याच तुल्यबळांच्या, म्हणून बाजू आपोआप समतोल. ज्याने हे शोधून काढलं त्याला डॉक्टरेट द्यायला हवी होती. सहा वर्षांपूर्वी मी हे आमच्या गटात सुचवलं. आधी हशा झाला. आता दर रविवारी दोन दाढीवाले सुतार कोपऱ्यात जाऊन कुजबुजतात आणि ‘वॉलआय का लून?’ म्हणून विचारत येतात. (राज्याचा मासा आणि राज्याचा पक्षी. चंद्र-सूर्य त्यांना पसंत पडले नाहीत.) काठ्या फेकणं आम्ही फक्त नाताळच्या आधीच्या खेळात करतो, जुन्या लोकांच्या आग्रहास्तव.

नवशिक्यांसाठीही आपल्याकडचाच शब्द आहे : लिंबूटिंबू. खेळात घ्यायचं, पण बाद धरायचं नाही. बर्फावर याचा अर्थ असा, की त्याच्याकडे पक असताना दोन हात लांब राहायचं, त्याला एक पास पुरा करू द्यायचा, आणि त्याच्या अंगावरून जोरात कुणी मारायचं नाही. ही सवलत कुठे लिहिलेली नाही. पण ती नसेल तर नवा माणूस तिसऱ्यांदा येत नाही, आणि नवा माणूस आला नाही तर पाच-सहा वर्षांत गटच उरत नाही. आमच्या शेजारच्या वेळेतला एक गट असाच आटला. खेळाडू आमच्याहून कितीतरी चांगले होते.

आता पैसा. समजा तासाला 300 डॉलर भाडं आहे. वीस आले तर प्रत्येकी 15. चौदाच आले तर साडेएकवीसच्या आसपास. आणि तेवढे द्यावे लागतात म्हणून पुढच्या रविवारी अकराच येतात. ही घसरण दोन महिन्यांत गट संपवते. उपाय एकच : वीस नेहमीच्यांकडून हंगामाचे पैसे आधी घ्यायचे, न आल्यास परत नाहीत, आणि जागा रिकामी राहिली तर बदलीवाल्यांच्या यादीतून भरायची. फोनवर गुरुवारपर्यंत ‘येतो’ किंवा ‘नाही’. ‘बघतो’ हे उत्तर मी स्वीकारत नाही. मराठी माणसाला हे सर्वांत जड जातं. बावीसच्या वर कुणाला घ्यायचं नाही, कारण मग बाकावर बसायलाच पैसे दिल्यासारखं होतं. बहुतेक रिंक विम्याचा दाखला मागतात. यूएसए हॉकीच्या सभासदत्वाबरोबर विमा येतो, पण आपला खेळ त्यात बसतो का, हे अटी वाचून खात्री करून घ्यावी.

गोलीकडून पैसे घ्यायचे नाहीत. हा नियम जगभर आहे म्हणा ना! त्याच्याशिवाय खेळ म्हणजे नुसता सराव, आणि त्याचं सामान इतरांच्या कितीतरी पट महाग. एकेकाळी हे लोक चेहरा उघडा ठेवून उभे राहत. 1 नोव्हेंबर 1959 रोजी न्यूयॉर्कमध्ये ज्याक प्लाँतच्या चेहऱ्यावर पक बसला. टाके घालून तो परत आला तो मुखवटा घालूनच. त्याच्या प्रशिक्षकाला ते अजिबात आवडलेलं नव्हतं.

यावरून त्या नियमांकडे येतो ज्यांच्याबाबत मी सैल नाही. इथे चलाख माणूस शोधायचा नसतो. इथे प्रश्न शरीराचा आहे. चेहऱ्याला जाळी असलेलं शिरस्त्राण सगळ्यांना. काठी खांद्यामागे नेऊन मारलेला स्लॅपशॉट बंद. आणि गळ्याभोवती पट्टा. 28 ऑक्टोबर 2023 रोजी इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे सामना चालू असताना स्केटचं पातं गळ्याला लागून अॅडम जॉन्सन वारला. तो आपल्या मिनेसोटातल्या हिबिंगचा. 29 वर्षांचा होता. त्यानंतर ऑगस्ट 2024 पासून यूएसए हॉकीने अठराच्या आतल्या मुलांना गळ्याचा पट्टा सक्तीचा केला. प्रौढांवर तशी सक्ती नाही. आमच्या गटात यावर दोन रविवार वाद झाला. ‘आम्ही मोठी माणसं आहोत, आमचं आम्ही बघू,’ असं म्हणणारे चार जण होते. मी एवढंच म्हटलं की बर्फावर पडलेल्या माणसाचं इतर एकोणीस जणांना बघावं लागतं. दोघांनी पट्टा घेतला, दोघे सोडून गेले. त्यांतला एक माझा चांगला मित्र होता, आणि अजून तो दुसऱ्या गटात पट्ट्याविना खेळतो.

गळ्यापेक्षाही आपल्याला जास्त धोका छातीचा आहे, आणि हे मी मुद्दाम मराठी वाचकांसाठी लिहितो. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना हृदयविकार इतरांपेक्षा जास्त प्रमाणात आणि कमी वयात होतो, हे आता डॉक्टर मंडळी वारंवार सांगतात. हॉकी हा तर मिनिटभर जीव तोडून पळायचं, मग बसायचं, पुन्हा पळायचं, असा खेळ. आठवडाभर खुर्चीत बसलेल्या पंचेचाळिशीच्या माणसाने थंड हवेत एकदम हे करणं म्हणजे काय, याचा विचार करा. व्यावसायिक खेळाडू पाऊण मिनिटात बाहेर येतात. हौशी माणूस तीन-तीन मिनिटं उतरत नाही, कारण त्याला वाटतं आता पक आपल्याकडे येईल. आम्ही दर दोन मिनिटांनी भोंगा वाजवतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्यातला एक देशी गृहस्थ बाकावर बसून छाती चोळत होता. संध्याकाळी एका बारशाला जाऊन आला होता. म्हणाला, ‘ॲसिडिटी आहे रे, वडे जरा जास्त झाले.’ पुढच्या पाळीसाठी तो उठायलाही लागला. आमची त्या दिवसाची गोली पेशाने नर्स आहे. ती गोल सोडून आली, त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि त्याला खाली बसवून मला 911 ला फोन करायला सांगितलं. तो अर्धा तास, ‘उगाच काय तमाशा’ म्हणून, आमच्यावर रागावलेला होता. त्याच रात्री त्याच्या दोन धमन्यांत स्टेंट घातले. आता तो बरा आहे, मधल्या फळीत खेळतो, आणि वड्यांना नावं ठेवतो.

त्या रात्री विजेचा धक्का देऊन हृदय चालू करणारं यंत्र, एईडी, त्याच्याशेजारी आणून ठेवलेलं होतं. ते हाताशी होतं याला कारण आहे. पहिल्या हंगामात मी रिंकवर ते कुठे आहे ते बघून ठेवलं, तेव्हा ते ऑफिसच्या आत होतं, आणि ऑफिस रात्री नऊला कुलूपबंद. आमचा खेळ साडेनऊचा! रिंकवाल्यांनी ‘बघू’ म्हणत एक हिवाळा काढला. शेवटी आम्ही पुढच्या हंगामाची आगाऊ रक्कम थांबवली, आणि आठवड्याभरात ते बाहेरच्या भिंतीवर लागलं. तुमचं मूल जिथे खेळतं तिथे ते कुठे आहे, हे या शनिवारी चहा पितापिता बघून या. यंत्र स्वतः बोलून काय करायचं ते सांगतं. ते येईपर्यंत छातीच्या मधोमध मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे दोन इंच खोल दाबायचं. हे शिकवणारा वर्ग चार तासांहून मोठा नसतो.

पैसे खर्चायचे नसतील तर जानेवारीत शहराच्या बागांतल्या उघड्या रिंक फुकट असतात, शेजारी शेकायला उबदार खोलीसुद्धा. तिथे गोली नसतो, म्हणून पक बर्फावरून उचलायचा नाही, आणि गोलाऐवजी खांबाला मारायचं असं कित्येक जण ठरवतात. तळ्यावर जायचं असेल तर राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याचा सल्ला पाळा : माणसांनी चालायला निदान चार इंच जाड, स्वच्छ, नवा बर्फ हवा. पांढुरका बर्फ कमजोर असतो. आणि जाडी एका जागी मोजून भागत नाही. झऱ्यापाशी किंवा पुलाखाली तो पातळ असू शकतो.

आमचा हंगाम ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुरू होतो. बदलीवाल्यांच्या यादीत सध्या सहा जागा आहेत, आणि एक गोली हवा आहे. ज्यांना नुसतं बघायचं आहे त्यांनीही यावं, चहा बरोबर आणावा. रिंकचं पुढचं दार नऊला बंद होतं. झांबोनीच्या बाजूचं मागचं दार ठोठवा, कुणीतरी उघडेल.